मांजरीला नाव होतं

"शूज काढ."

आता तुम्ही म्हणाल, झालं याचं सुरू. देऊळ असणार. नाहीतर पाटलाचं अंगण. पोरगं उन्हात उभं, वरून ओंजळीत पाणी, आणि शेवटी पोरगं मोठा साहेब होऊन लाल दिव्याच्या गाडीतून गावात येणार. थांबा. तसलं काही नाही माझ्याकडे. दादरमधला एसी हॉल. रविवारची सकाळ. बाहेर टेबलावर मिनी समोसे आणि ग्रीन टी. माझ्या पायात पांढरे शूज, आत्याने घेऊन दिलेले, नवेकोरे, अजून टाचेला चावत होते. आणि ते काढायला सांगणारी बाई जातपात अजिबात मानत नव्हती. तिने तसं स्वतःच सांगितलेलं. मी विचारलं नसताना.

"शूज काढ रे. अनवाणी ये स्टेजवर. फक्त तू. इफेक्ट येतो."

मेघनाताई. आमचा वाचक कट्टा चालवणारी. कार्यक्रमाला तास होता, रिहर्सल चाललेली. आम्ही पाच-सहा पोरं-पोरी. एकाच्या पायात चामड्याचे बूट, एकीच्या कोल्हापुरी. सानिकाच्या सँडलला हील. ती स्टेजवर टकटक करत गेली, टकटक करत आली. तिला कोणी काही बोललं नाही.

मी हसलो. माझी खोडच ती. अपमान झाला की आधी हसू फुटतं, कळतं नंतर.

"का हो ताई, फरशी आत्ताच पुसलीय का?"

सगळे हसले. ताई पण हसली. मग म्हणाली, "नाही रे वेड्या. तू 'उचलणारा' करतोयस ना. थोडं रॉ पाहिजे. तुझ्यात ते आहेच."

तुझ्यात ते आहेच. काय आहे माझ्यात? बी.ए.चं तिसरं वर्ष आहे. थोडा कफ आहे.

पण हे सगळं असं मधूनच सांगून कळायचं नाही. मागे जातो.

मी नकल्या. शाळा कोकणात, तालुक्याच्या गावी. एसटीचा कंडक्टर, मुख्याध्यापक, मुख्याध्यापकांची बायको, तिची शिंक, सगळं यायचं मला. शाळेत इन्स्पेक्शन आलं की सर मला मागच्या बाकावर सरकवायचे. गॅदरिंग आलं की पुढे काढायचे. मला वाटायचं, जग असंच चालतं. बारावीनंतर मुंबईला आलो. काळाचौकीला आत्याकडे, चाळीत. आत्या परळच्या हॉस्पिटलात नर्स. रागावणं हा तिचा स्वभाव नाही, ड्युटी आहे.

कॉलेजात सानिका भेटली. गिरगावातली, फणसवाडीची. मस्त पोरगी. तिच्या डब्यातली अळूवडी मी खायचो, माझ्या डब्यातलं सुकटीचं कालवण ती. वास येतो म्हणाली नाही कधी. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ती वाईट वाटेल तुम्हाला. तिनेच मला कट्ट्यावर नेलं. महिन्याला एक पुस्तक, रविवारी चर्चा, चहा फुकट. पहिल्या दिवशी मेघनाताईने नाव विचारलं. मी नुसतं नाव सांगितलं. "आणि आडनाव?" तेही सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा."

हा अच्छा वेगळा असतो. मान जराशी वाकडी, आवाज एक पायरी खाली, आणि डोळ्यांत एकदम माया. याची नक्कल मी फार सुंदर करतो. कागदावर करता येत नाही, नाहीतर दाखवली असती.

तरी मी रमलो तिथे. का नाही रमणार? मी शिवाजी पार्कची आजी करायचो, कोथिंबीर फुकट मागणारी. करी रोडच्या टॉवरमधला काका करायचो, लिफ्टमध्ये "कोणाकडे? कितव्या मजल्यावर?" विचारणारा. टॉवरवाल्यांची पोरं हसून लोळायची. ताई म्हणायची, "तू आमचा स्टार." स्टार म्हटलं की कोण उठून जाईल?

मग ते पुस्तक आलं.

ऐतिहासिक कादंबरी, पण सगळी कवितांत. जाडजूड. लिहिणाऱ्या बाई मोठ्या, वयाने आणि नावाने. शंभराच्या वर वर्षांपूर्वी गिरगावातल्या एका वाडीत प्लेग येतो, त्याची गोष्ट. प्रत्येक कविता वेगळ्या माणसाच्या तोंडी. वैद्यबुवा बोलतात. उमा नावाची तरुण विधवा बोलते. गोरा डॉक्टर बोलतो. एक कविता चक्क मरणाऱ्या उंदराची. आणि प्रेतं उचलून नेणारा एक माणूस बोलतो.

कट्ट्याने ठरवलं, 'तरुण वाचक काय म्हणतात' असा कार्यक्रम करायचा. लेखिकाबाई स्वतः समोर बसणार. प्रत्येकाने दोन मिनिटं मत मांडायचं आणि एक कविता वाचायची. मत आधी व्हॉइस नोट करून ताईला पाठवायचं. ती ते 'सेट' करून देणार. आमच्या कट्ट्याची पद्धतच ती. मत तुमचं, सेटिंग ताईचं. मला वाटायचं सेट करणं म्हणजे अं-अं काढून टाकणं.

एका पोराचं मत होतं, एका पानावर शब्द कमी आहेत त्यामुळे पटापट होतं, कादंबरी वाचल्याचं पुण्य लागतं. त्याचं मला पटलं. इंजिनिअरिंगवाली एक म्हणाली, कविता म्हटलं की मला भीतीच वाटते, पण ही सिरीजसारखी वाटली, एकेक कविता म्हणजे एकेक एपिसोड. तिसऱ्याला लॉकडाऊन आठवला. त्याचे आजोबा तेव्हाच गेले, शेवटचं कोणालाच बघू दिलं नव्हतं म्हणे. खरी मतं होती पोरांची. खोटं नाही बोलत.

माझं कसं झालं सांगतो. मी ते पुस्तक चाळीच्या गॅलरीत बसून वाचलं, आत्याची नाइट असायची तेव्हा तिच्या खाटेवर लोळून वाचलं. आवडलं मला. उंदराची कविता तर मी पाठ केली. उमेच्या कवितांना रडलो पण. पण तो उचलणारा आला की मी अडायचो. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्याच्याच तेवढ्या कविता वाचल्या. मग कळलं काय टोचतंय.

त्याला नावच नाही. वैद्यांना नाव, उमेला नाव, गोऱ्याला नाव. वैद्यांच्या घरात मांजर आहे, तिलाही नाव. चंपी. तिच्या शेपटीवर चार ओळी आहेत. आणि हा माणूस सबंध पुस्तकभर मेलेले उचलतोय, त्याच्या कवितेवर मथळा काय? 'उचलणारा'. बस.

मी रात्रीच्या जेवणाला आत्याला सांगितलं. ती भात कालवत होती. म्हणाली, "त्याच्या घरी कोण मेलं?"

"म्हणजे?"

"प्लेग होता ना? ह्याने एवढी मढी उचलली. ह्याच्या वस्तीत कोण मेलं नाय? बायको, पोर, कोणीच नाय?"

मी पुस्तक परत काढलं. सगळं चाळलं. नव्हतं. त्याला घरच नव्हतं. तो कुठून येतो, कुठे जातो, काय खातो, काही नाही. उमेच्या खिडकीखाली उभा राहतो आणि उमेच्या दुःखाने रडतो. एवढंच काम.

मी व्हॉइस नोट केली. ताई, पुस्तक भारी आहे. पण मांजरीला नाव आणि माणसाला नाही, हे कसं चालेल? त्याला घर का नाही? बाईंनी त्याच्या खांद्याकडे बघितलं, तोंडाकडे बघितलंच नाही. तो बोलतो तसं आमच्याकडे कधी कोणी बोललेलं नाही, माझ्या आजोबांच्या आजोबांपर्यंत. मला हे बाईंना समोर विचारायचंय. भांडायला नाही. खरंच विचारायचंय.

ताईचं उत्तर लगेच आलं. 'ब्रिलियंट. हेच हवंय मला. बिनधास्त बोल.' पुढे तीन टाळ्या.

मी ते उत्तर आत्याला वाचून दाखवलं. आत्याने ड्युटी बदलून घेतली. इस्त्रीची साडी काढली. माझ्यासाठी शूज आणले. म्हणाली, "पयल्यांदा कोणीतरी तुला नकला सोडून कशासाठी बोलावतंय."

हां. तर रिहर्सल.

शूज काढ म्हटल्यावर मी हसलो, काढले नाहीत, टंगळमंगळ करत उभा राहिलो. तेवढ्यात सानिकाचं नाव आलं. तिचं मत. ती माइकसमोर उभी राहिली, कागद उलगडला आणि वाचायला लागली.

"या कादंबरीत एका मार्जारालाही नाव आहे, परंतु शव वाहणाऱ्या त्या माणसाला नाही."

मला आधी बरं वाटलं. म्हटलं, बघ, हिलाही तेच दिसलं! मूर्ख मी.

"त्याला घर नाही, कुटुंब नाही. लेखिकेने हे जाणीवपूर्वक केलं आहे. ज्याला इतिहासाने नाव दिलं नाही त्याला ते न देणं, यातच या कवितेची करुणा आहे."

कागदावर माझं होतं सगळं. मांजर माझी. घर आत्याचं. फक्त शेवटी कोणीतरी अख्खी गोष्ट पालथी करून ठेवलेली. मी बाईंना विचारत होतो, नाव का नाही? ती बाईंना सांगत होती, नाव दिलं नाही म्हणून थँक्यू.

मी सरळ ताईकडे गेलो. "ताई, हे माझंय."

"अरे हो, मुद्दा तुझाच आहे," ताई म्हणाली. लपवलं पण नाही तिने. "पण तुझ्या तोंडून तो पर्सनल वाटला असता रे. सानिका बोलली की ऑब्जेक्टिव्ह वाटतो. आणि बाई मोठ्या आहेत, पाहुण्या आहेत. तू कविता कर ना. तुझी खरी ताकद आवाजात आहे."

"मग माझं मत?"

"कविता हेच तुझं मत."

मी सानिकाकडे बघितलं. ती कागदाच्या घड्या घालत होती. "ताई म्हणाल्या, तुला विचारलंय. तुला चालतंय म्हणाल्या."

"आणि तू विचारलंस मला?"

"अरे यार, तू कुठे असलं सीरियस बोलतोस कधी? मला वाटलं तुला आवडेल, तुझा पॉइंट लोकांपर्यंत जातोय."

ताईपेक्षा हे जास्त लागलं. ताई परकी. हिच्या डब्यातलं खाल्लेलं.

कार्यक्रम सुरू झाला. हॉल भरलेला. लेखिकाबाई पहिल्या रांगेत, मांडीवर शाल. आत्या मागे, कडेच्या खुर्चीत, पर्स घट्ट धरून. पोरं बोलली. पटापट होतं वाला बोलला, हशा पिकला. मग सानिका. मांजर आली आणि मी आत्याकडे बघितलं. आत्या खुर्चीत पुढे सरकली. तिने ओळखलं. 'करुणा' आली, टाळ्या पडल्या, लेखिकाबाईंनी डोळ्याला रुमाल लावला. आत्याने टाळी वाजवली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. ऑपरेशनला नेताना पेशंटकडे बघतात तशी.

ताईने माइक घेतला. "आणि आता ऐकू या, त्याच मातीतला, अस्सल, रांगडा आवाज!"

मी गेलो. शूज घालून. ताईने विंगेतून पायाकडे बोट दाखवलं. मी पण बघितलं पायाकडे. छान दिसत होते.

कविता ही होती.

'मज नाव नको, मज गाव नको,
मी केवळ खांदा, मी केवळ वाट;
तुझ्या दुःखाच्या शुभ्र कळीला
जपतो माझा काळा हात.'

रांगडं वाचायचं ठरलेलं. छाती फुगवून, घसा खरवडून. मी माइक हातात घेतला आणि तोंडातून आवाज निघाला मेघनाताईचा. ठरवून नाही. आला. मान वाकडी, डोळ्यांत माया, शब्दाशब्दाला साय लावलेली. "मज नाव नकोऽ, मज गाव नकोऽ." इतकी फिट बसली कविता त्या आवाजात, की मला स्वतःला काटा आला. एक शब्द अडला नाही. त्या ओळींत सोललेला खांदा नाही, घाम नाही, काही नाही. ती कविता त्या उचलणाऱ्याची कधी नव्हतीच. लेखिकाबाईच बोलत होत्या, त्याच्या खांद्यावर बसून.

आधी खसखस पिकली. ताईला सगळे ओळखत होते. मग मी थांबलो नाही. त्याच आवाजात पुढे बोललो. "मघाशी सानिकाने मांडला तो मुद्दा आमच्या एका मुलाचा आहे हं. पण त्याच्या तोंडून तो पर्सनल वाटला असता. सानिका बोलली की ऑब्जेक्टिव्ह वाटतो. त्याने तक्रार केली होती, आपण तिची स्तुती करून टाकली. त्याला काय, तो नकला करतो. आणि हो, शूज काढ म्हटलं होतं त्याला. फक्त त्याला. इफेक्ट येतो."

हसू बंद झालं. एकदम नाही. पुढच्या रांगा आधी, मागच्या नंतर. लेखिकाबाईंचा रुमाल हातातच राहिला. मग माइक बंद झाला. मी खाली उतरलो.

बाहेर समोशांच्या टेबलापाशी ताईने गाठलं. चेहरा पांढरा.

"आम्ही तुला स्टेज दिलं. आम्ही. कोण ओळखत होतं तुला? एका ज्येष्ठ बाईचा असा अपमान? त्यांनी तुमच्याविषयी लिहिलंय, तुमच्याविषयी! किती जण लिहितात? आणि तू माझी टिंगल करतोस? हेच, हेच होतं तुमच्यात. जरा जवळ घेतलं की..."

वाक्य तिने गिळलं. पण मी ऐकलं. गिळलेली वाक्यं मला नीट ऐकू येतात.

तेवढ्यात एक गृहस्थ आले, पोट पुढे, माझा हात धरून हलवला. "वा! काय मिमिक्री करतोस रे! सेम टू सेम मेघनाताई. आमच्या सोसायटीच्या गणपतीत ये, करशील का? मानधन देऊ."

मी त्यांना हो म्हणालो की नाही, आठवत नाही. आत्याने दंडाला धरून जिना उतरवला.

रस्त्यावर ऊन. आत्या पुढे, मी मागे. मला वाटलं, शाबासकी मिळणार. निदान वडापाव. बसस्टॉपपाशी ती थांबली, वळली.

"काय रे, घसा बसलाय तुझा?"

"नाही."

"सर्दी झालीय?"

"नाही गं आत्या."

"मग त्या बाईच्या आवाजात कशाला बोललास?"

"अगं, तोच तर पॉइंट होता. ती कविता..."

"गप. पॉइंट सांगतो मला. कोणाच्या लक्षात ऱ्हायला तुझा पॉइंट? त्या ढेरपोट्याने तुला गणपतीत बोलावलं. मेल्या, तू तुझ्या आयुष्यातली एकमेव खरी गोष्ट बोललास आणि ती पण नक्कल करून!"

बसस्टॉपवरचे दोघं-तिघं बघायला लागले. आत्याला वॉर्डात आवाज चढवायची सवय.

"अगं, हळू बोल."

"का हळू? तिने तुझं मत उचलून त्या पोरीच्या तोंडात घातलं. बरोबर? तू काय केलंस? तू ते तिथून काढलंस आणि परत त्या बाईच्याच तोंडात घातलंस. तुझ्या तोंडात कधी येणार ते? पर्सनल वाटेल म्हणते. वाटू दे ना! पर्सनलच हाय. मी ड्युटी बदलून आले ती काय ऑब्जेक्टिव्ह ऐकायला?"

माझ्याकडे या सगळ्याला एक जोक तयार होता. चांगला होता. मी तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा.

आणि तिथे, त्या बसस्टॉपवर, मी ठरवलं. माझं मत यापुढे कोणाला पाठवणार नाही. कोणाला सेट करू देणार नाही. ते माझ्याच तोंडून निघेल, कोकणातलं, अडखळतं, घाबरलेलं, जसं असेल तसं. कोणी हसलं नाही तरी चालेल. मुळात हसूच नये कोणी. स्टार म्हणणाऱ्यांच्या ओळीत पुन्हा उभा राहणार नाही. आणि त्या लेखिकाबाई जिथे कुठे पुढच्या रांगेत बसतील तिथे जाऊन मी उभा राहून विचारणार आहे, बाई, त्याचं नाव काय होतं आणि त्याच्या घरात कोण मेलं?

"बोल आता," आत्या म्हणाली.

"कुठे? इथे?"

"मग काय हॉल बुक करू तुझ्यासाठी?"

मी तोंड उघडलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, बारीक, चिरका. "त्या माणसाला नाव पायजे होतं," मी म्हणालो.

"ऐकू नाय आलं. मोठ्याने!"